दारावरचा राक्षस

आपल्या भागात राक्षस पाहण्यासाठी पुराणे उघडावी लागत नाहीत. नरसीहून हिंगोलीला येताना डोळे उघडे ठेवले तरी पुरे. वावरात काळे मडके पालथे घालून, चुन्याने डोळे-दात काढलेले बुजगावणे उभे असते. ट्रकच्या मागे जीभ बाहेर काढलेला शिंगाळा चेहरा असतो. अर्धवट बांधलेल्या घराच्या पिलरला काळा मुखवटा टांगलेला असतो. आणि दसऱ्याला हिंगोलीच्या मैदानावर रावण असतोच!

आपण शिकलेली मुले हे पाहून हसतो व ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होतो. दृष्ट लागते यावर माझाही विश्वास नाही. परंतु २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा अघोरी कृत्यांना आणि भोंदूगिरीला आळा घालतो, मडक्यावरच्या चेहऱ्याला नाही. चित्रकलेचा तास कधी न पाहिलेला शेतकरी दोन बोटे चुन्यात बुडवून जे भय उभे करतो, ती कला नव्हे काय? बाजारातले प्लॅस्टिकचे मुखवटे सारे एका साच्याचे. बुजगावणे मात्र प्रत्येक वावरात वेगळे!

या राक्षसांचे घराणे जुने आहे. यादवकालीन मंदिरांच्या उंबरठ्यावर आणि शिखरावर धड नसलेले, डोळे वटारलेले जे तोंड कोरलेले असते, ते कीर्तिमुख. पुराणकथा सांगते की, जालंधराचा निरोप घेऊन आलेल्या राहूला खाण्यासाठी शंकराने एक भुकेला राक्षस निर्माण केला. राहू शरण आला; त्याला अभय मिळाले. मग राक्षसाने खावे काय? स्वतःलाच खा, असे शंकर म्हणाला. त्याने पायापासून सुरुवात करून सारे शरीर खाल्ले. उरले फक्त तोंड. प्रसन्न होऊन शंकराने त्याला आपल्या दारावर मानाची जागा दिली. म्हणजे देवाच्या दारावर आपल्या पूर्वजांनी भूक कोरून ठेवली आहे! मराठवाड्याच्या माणसाला ही भूक वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

धुऱ्यावरचा शेंदूर फासलेला म्हसोबा घ्या. इतिहासकार दामोदर कोसंबी यांनी त्याचे नाते महिषासुराशी जोडले आहे. देवीने मारलेला असुर आमच्या शेताचा राखणदार झाला! रावण आपण वर्षातून एकदा जाळतो. म्हसोबाला मात्र नैवेद्य देतो.

मला खटकते ते निराळेच. बांधकामावरचा राक्षस नेहमी काळाच का? जाड ओठ, पिंजारलेले केस, राठ मिशा. माझे वडील मिस्त्रीच्या हाताखाली विटा वाहतात. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. उन्हात स्लॅबवर राबणाऱ्या माणसांचा रंग मी जवळून पाहिला आहे. तो त्या मुखवट्याहून फारसा निराळा नाही. घर पुरे झाले की मुखवटा उतरवतात आणि मजुरांचेही काम संपते. वास्तुशांतीच्या पंगतीत दोघांनाही जागा नसते. ज्याने राखले तो बाहेर आणि ज्याचे राखले तो आत, हा न्याय कुठला?

नागपूरकरांनी राक्षसाचा उपयोग बरा ओळखला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे मारबतींबरोबर बडग्यांची मिरवणूक निघते. महागाई, भ्रष्टाचार यांचे बडगे करून लोक ते गावाबाहेर नेऊन जाळतात. तेथे राक्षसाचा चेहरा गरिबाचा नसतो. गरिबाला गिळणाऱ्याचा असतो.

मित्रहो, यंदाच्या स्नेहसंमेलनात रांगोळी प्रदर्शनाशेजारी आपणही एक भिंत राक्षसांसाठी ठेवू या. ज्याने त्याने आपल्या गावचे बुजगावणे, म्हसोबा, कीर्तिमुख यांचे चित्र काढून आणावे. प्राध्यापकांनी त्यामागचा इतिहास सांगावा. आणि एक राक्षस आपण नवा रंगवावा. तो काळा नसावा. हुंडा, सावकारी, जात यांपैकी कोणाचा चेहरा त्याला द्यायचा, हे सर्वांनी मिळून ठरवावे.