घरातली घंटा कोण वाजवणार?



शाळेत घंटा होते आणि आपण मुकाट्याने वर्गात बसतो. घरी काय? कुणाची आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत, कुणाचे बाबा बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मूल घरी एकटे. पुस्तक उघडे, टीव्ही सुरू आणि तोंडी एकच वाक्य, "करतो की थोड्या वेळानं!"

कर्नाटकची दहावीची परीक्षा २७ मार्च २०२० रोजी सुरू व्हायची होती. कोरोनामुळे ती लांबली आणि २५ जूनला सुरू झाली. अभ्यासाला ९० दिवस जादा मिळाले. पण जादा दिवस म्हणजे जादा अभ्यास नव्हे. परीक्षेची तारीखच ठाऊक नसली की "उद्यापासून" म्हणणे फार सोपे असते.

माझ्या मते हा निव्वळ आळस नव्हे. काम डोंगराएवढे वाटले, चुकण्याची भीती वाटली, की मन पळवाट शोधते. म्हणून "आज गणित करीन" असे म्हणू नका. "पाचच्या ठोक्याला दोन उदाहरणे सोडवीन" असे ठरवा.

पालकांनो, "दिवसभर काय केलंस?" असे दरडावण्याऐवजी ती दोन उदाहरणे पाहा.

संस्थाचालकांना नम्र विनंती, शाळा सुटल्यावर एक वर्ग दोन तास उघडा ठेवावा. एकट्याला जे जमत नाही, ते चौघांत बसून जमते.

पुढे कॉलेजात, नोकरीत आपली घंटा आपल्यालाच वाजवावी लागेल. ती सवय आजच लावू या.