नवं मडकं, नवा दगड

हा लेख खरं तर पाच महिन्यांपूर्वी तुमच्या हातात यायला हवा होता. तो का आला नाही, हे सांगताना थोडी लाज वाटतेय. पण तेच या लेखातलं सगळ्यात उपयोगी वाक्य ठरेल, म्हणून सांगतेच.

माझ्या धाकट्या भावाला माशांचं वेड. दहावीची परीक्षा संपल्यावर त्याने साठवलेल्या पैशांतून तीन फुटी, साधारण 150 लिटरचा खाऱ्या पाण्याचा टँक उभा केला. तळाला वाळू, एक फिल्टर आणि दोन क्लाउनफिश. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले. आजीने त्यांना ‘नवरा-नवरी’ असं नाव देऊन टाकलं. पण टँक दिसायचा मात्र भाड्याच्या रिकाम्या खोलीसारखा. माशांना लपायला जागाच नव्हती. खाऱ्या पाण्याच्या टँकला हवा असतो ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवंत दगड.

दगड जिवंत कसा?

दगड स्वतः जिवंत नसतो. प्रवाळाच्या जुन्या सांगाड्यापासून बनलेला तो सच्छिद्र खडक असतो आणि त्याच्या भोकाभोकांत सूक्ष्म जीव राहतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशांसाठी विष. दगडाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन जेमतेम पोहोचतो तिथे, आणखी वेगळे जीवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. थोडक्यात, दगड म्हणजे टँकचं स्वयंपाकघर, मोरी आणि कचरापेटी, सगळं एकातच.

भाऊ असा दगड शोधायला गेला तेव्हा एका विक्रेत्याने त्याला हळूच विचारलं, “समुद्रातला ओरिजिनल देऊ का? पांढराशुभ्र, फांद्यावाला.” भाव इतका कमी की भाऊ खुशीत घरी आला. बाबांनी मात्र कपाळाला हात लावला.

कारण भारतात प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून खडक बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. ते काढणं, विकणं, घरात ठेवणं, सगळंच गुन्हा. मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा. अंदमान किंवा लक्षद्वीपहून ‘आठवण’ म्हणून खिशात घातलेलाही.

आणि हा कायदा उगाच झालेला नाही. तमिळनाडूच्या मन्नारच्या आखातात अनेक दशकं चुन्यासाठी आणि बांधकामासाठी प्रवाळ खणून काढलं गेलं. तिथल्या 21 बेटांपैकी 2 बेटं पाण्याखाली गेली. लाटा अडवणारी भिंतच काढून नेली, तर बेट टिकणार कसं?

बाबा म्हणाले, “समुद्राचं समुद्रात राहू दे. तुला दगड हवा ना? बनव.”

साहित्य आणि कृती

जगभरचे हौशी लोक असा दगड सिमेंटपासून घरी बनवतात. आम्ही वापरलेलं प्रमाण असं:

• 1 भाग साधं ओपीसी सिमेंट किंवा व्हाइट सिमेंट. वॉल पुट्टी नको. वॉटरप्रूफिंगचं किंवा इतर कुठलंही रसायन मिसळलेलं सिमेंटही नको.
• 2 भाग शिंपल्यांचा चुरा. ज्वारीच्या दाण्यापासून राजम्याएवढे तुकडे.
• 2 भाग खडेमीठ.
• पाणी, लागेल तसं.

शिंपल्या आजीच्या कृपेने मिळाल्या. आमच्याकडे महिन्यातून दोनदा तिसऱ्यांचं कालवण होतंच. आजीने शेजारच्या तीन घरांतल्या शिंपल्याही मागून आणल्या. त्या उकळल्या, घासल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि गोणपाटात घालून हातोडीने फोडल्या. तुमच्याकडे मासे होत नसतील, तर कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो. तो बिनमसाल्याचा, साधा असल्याची खात्री करा आणि स्वच्छ धुऊन घ्या.

मीठ कशाला? ही खरी गंमत. दगड घट्ट झाल्यावर पाण्यात ठेवला की मीठ विरघळून निघून जातं आणि मागे भोकं उरतात. तीच जीवाणूंची घरं.

आधी सगळं कोरडंच कालवा. मग पाणी बेताबेताने घाला. मिश्रण मुठीत दाबलं की रव्याच्या लाडवासारखं टिकलं पाहिजे. पाणी जास्त झालं, तर मीठ आधीच विरघळतं आणि दगड ठोकळ्यासारखा भरीव होतो. एका घमेल्यात ओली वाळू पसरून त्यात हाताने वेडेवाकडे खड्डे करा आणि मिश्रण त्यांत थापा. बोटांनी भोकं पाडा. गुहा हवी असेल, तर मधे वाळूचा गोळा ठेवून त्यावर थापा, नंतर वाळू काढून टाका. फार जाड थापू नका. दगड जितका जाड, तितका तो पुढे वेळ खातो.

हातमोजे आणि मास्क सक्तीचे. ओलं सिमेंट कातडी सोलतं आणि त्याची धूळ छातीत जाते. लहान मुलांना शिंपल्या निवडायला बसवा, सिमेंट कालवायला नको.

वरून ओलं गोणपाट टाकून दोन दिवस हात लावू नका. नंतर अलगद काढा, कारण तो तेव्हा नानकटाईसारखा ठिसूळ असतो. आठवडाभर ओला ठेवा. मग पाण्याच्या पिंपात बुडवा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला.

आणि मी घाई केली

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो. त्यामुळे पाण्याचा पीएच 12 च्या आसपास जाऊ शकतो. खाऱ्या पाण्याच्या टँकला लागतो 8.1 ते 8.4. म्हणून दगड सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, नुसता पाण्यात ठेवायचा असतो.

तिसऱ्या आठवड्यात माझी या लेखाची तारीख जवळ आली. मला टँकमधल्या दगडाचा फोटो हवा होता. भावाने पिंपातलं पाणी तपासलं, 8.4 दाखवलं. “ताई, अजून थांबूया ना,” तो म्हणाला. मी म्हटलं, “आकडा बरोबर आहे की. टाक.”

आम्ही दगड टाकले. फोटो सुंदर आला. सकाळी दोन्ही मासे तळाशी आडवे पडले होते. टँकचा पीएच 9 च्या वर गेला होता.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. पिंपाचं पाणी आम्ही त्याच सकाळी बदललं होतं आणि तासाभरात तपासलं होतं. ते दगडाचं पाणी नव्हतंच, नळाचं होतं. दगडातला चुना पाण्यात उतरायला वेळच मिळाला नव्हता.

भावाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. दोन दिवस तो टँककडे गेलाच नाही. मी संपादकांना कळवलं की लेख तयार नाही.

तिसऱ्या दिवशी आजी बाल्कनीत पिंपाशी बसली होती. मला म्हणाली, “अगो, नवं मडकं आणलं की आपण लगेच चुलीवर चढवतो का? पाण्यात भिजत घालतो ना? आणि नव्या भिंतीला रोज पाणी कशाला मारतात? माती काय, सिमेंट काय, त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. तुझ्या तारखेचं त्याला काय?”

संध्याकाळी भाऊ आणि मी दगड पुन्हा पिंपात घातले.

दुसऱ्या वेळी काय केलं

या वेळी पाणी बदलल्यावर तीन दिवस तसंच ठेवायचं आणि मगच तपासायचं, असा नियम केला. चौथ्या आठवड्यातही आकडा 10 च्या जवळ होता. नवव्या आठवड्यात तीन दिवस ठेवलेल्या पाण्याचा पीएच 8.4 च्या खाली आला. सलग तीन वेळा तसाच आला, तेव्हा दगड टँकमध्ये गेले. मासे नाहीत, नुसते दगड आणि नवं खारं पाणी.

आता दगडात जीव यायला हवा होता. ओळखीतल्या एका हौशी काकांनी त्यांच्या जुन्या टँकमधला मुठीएवढा तुकडा दिला. तोही त्यांनी सिमेंटचाच बनवलेला. विरजण लावतात ना, तसंच हे. जुन्या दगडावरचे जीवाणू नव्यावर पसरतात. त्यांना खाद्य म्हणून माशांच्या खाण्याची चिमूट टाकत राहिलो. आधी अमोनिया वाढला, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर आले. त्याला सहा आठवडे लागले. दगडांवर तपकिरी साय धरली, मग हिरवं शेवाळ आलं. भाऊ घाबरला, पण काका म्हणाले, “चालू दे, हे होतंच.”

मगच मासे आणले. भारतात आता हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश मिळतात. आम्ही विचारून, खात्री करून तेच घेतले. पहिल्या रात्री मी तीनदा उठून टॉर्चने पाहिलं. दोघं दगडाच्या गुहेत शेजारी शेजारी तरंगत होते.

गेल्या आठवड्यात भावाने मला हाक मारून जवळ बोलावलं. एका दगडाच्या कडेला तिळाएवढा जांभळा ठिपका होता. ते कोरलाइन शेवाळ. काकांच्या तुकड्यावरून आलेलं असणार. आजीने चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, “ही माझ्या तिसऱ्यांची शिंपली ना गो?”

फोटो काढला नाही. ठिपका थोडा मोठा झाला की काढू. तुम्ही करून पाहणार असाल, तर पिंपावर दगड बुडवल्याची तारीख खडूने लिहून ठेवा. आणि पाणी बदलल्या बदलल्या तपासू नका, तीन दिवस थांबा.