यादीत नाव कोणत्या रकान्यात?

मागच्या दिवाळीत भाची आली होती. ती दहा मीटर एअर रायफल मारते. फराळ करता करता सहज म्हणाली, "आत्या, तूही कॉलेजात रायफल मारायचीस ना? तुझा स्कोअर किती होता गं?"

मला सांगता येईना. एनसीसीत आम्हाला पॉइंट टू टू रायफल मिळायची. गोणपाटावर पालथे पडून पाच गोळ्या झाडायच्या. मग कागदी टार्गेट काढून आणायचे आणि पट्टीने भोकांचा गट मोजायचा. आमच्या तुकडीत माझा गट सगळ्यात लहान आला होता, एवढे पक्के आठवते. आकडा ज्या वहीत लिहिला होता, ती वही पुढे कॉलेजने रद्दीत घातली. मुलांच्या तुकडीने मिळवलेल्या ढाली मात्र प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात कितीतरी वर्षे होत्या.

माझा काही विक्रम वगैरे नव्हता. पण भाचीच्या रेंजवर हल्ली राष्ट्रीय विक्रमांची यादी कशी असावी यावर बोलणे चालते, ते ऐकताना मला ती वही आठवते. यादी म्हणजे नुसती आकडेमोड, तिच्यात बाई-पुरुष काय आणायचे, असे एक गृहस्थ म्हणाले. मला वाटते, आणायचे. कोणता प्रकार मोजायचा, किती गोळ्यांचा धरायचा, कोणाच्या नावापुढे काय लिहायचे, हे कुणीतरी बसून ठरवते. आकडे त्यानंतर येतात.

आपल्या जवळचीच उदाहरणे घ्या. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी एअर रायफलच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. असे चाळीस नेम, एकही न चुकता. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी पन्नास मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुणांची, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाची, बरोबरी करून जगज्जेतेपद मिळवले. आज चालू विक्रमांच्या यादीत हे आकडे शोधाल तर सापडणार नाहीत. कुणी मोडले म्हणून नव्हे. ४०० च्या पुढे जायला जागाच नव्हती! मोजण्याची पद्धत बदलली. आता गुण दशांशात मोजतात, एका नेमाला जास्तीत जास्त १०.९. आणि २०१८ पासून बायकांच्या एअर रायफलच्या गोळ्या चाळीसवरून साठ झाल्या.

हा साठचा बदल मला मनापासून पटतो. पुरुषांना साठ आणि बायकांना चाळीस का, याचे धड उत्तर मला कुणी दिलेले नाही. रायफल तीच, अंतर तेच, टार्गेट तेच. वीस गोळ्या जास्त झाडल्याने बायका दमतील, असे ज्यांना वाटले त्यांनी कधी लग्नघरच्या पोळ्या लाटणाऱ्या बायका पाहिल्या नसाव्यात. पण नियम सुधारले की जुनी पाटी कोरी करायची, ही रीत मात्र मान्य नाही. चाळीसचा नियम या बायकांनी केला नव्हता. जे मैदान दिले त्यावर त्यांनी पूर्णांक गाठला. म्हणून यादीत चालू विक्रमांच्या शेजारी, पुरवणीत नव्हे, बंद झालेल्या प्रकारांचे विक्रम छापले पाहिजेत: किती गोळ्यांचा, कधी बंद झाला, शेवटचा आकडा कोणाचा.

बंद होणे ही बायकांच्या नेमबाजीत नवी गोष्ट नाही. १९७६ साली माँट्रिअलला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये स्त्री-पुरुष एकत्र उतरत. अमेरिकेच्या मार्गारेट मर्डॉक आणि लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले, ११६२. नियमावर बोट ठेवून सुवर्ण बॅशम यांना दिले गेले. त्यांनी राष्ट्रगीताच्या वेळी मर्डॉक यांना वरच्या पायरीवर ओढून आपल्या शेजारी उभे केले. माणूस दिलदार, पण पदकांच्या यादीत ती पायरी नाही. १९९२ साली बार्सिलोनात चीनच्या झांग शान यांनी एकत्र स्पर्धेत स्कीटचे सुवर्ण जिंकले, पात्रतेत २०० पैकी २०० तबकड्या फोडून. पुढच्या, १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांचे झाले आणि बायकांचे स्कीट नव्हतेच. ते आले २००० साली. झांग शान जिंकल्या म्हणून त्यांना बाहेर काढले, असे मी म्हणणार नाही. पण विजेतीला आपले पदक राखायला उतरायलाच जागा उरली नाही, हे खरे.

मग सगळे पुन्हा एकत्र करावे का? भाचीच्या मैत्रिणी हिरिरीने हो म्हणतात. मी अजून त्या मताची नाही. एकत्र केले की संघात जागा किती, रेंजवर वेळ कोणाला, प्रवासखर्च कोणाचा, हे प्रश्न येतात, आणि घरातल्या एका रायफलीवर पहिला हक्क भावाचा, हे आपल्याला माहीत आहे. स्पर्धा वेगळ्या राहू देत. यादी मात्र शेजारी-शेजारी छापा. जिथे अंतर, टार्गेट आणि गोळ्या सारख्या आहेत तिथे स्त्रियांचा आकडा आणि पुरुषांचा आकडा एकाच ओळीत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ साली भरले, एअर रायफलच्या पात्रतेत नॉर्वेच्या जेनेट हेग ड्युस्टाड यांनी ६३२.९ गुण केले. पुरुषांत पहिल्या आलेल्या यांग हाओरान यांचे ६३२.७ होते. दोन वेगवेगळ्या पानांवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. एका ओळीत आले की मुलीला रायफल कशाला, असे विचारणाऱ्या बापाला ते पान नुसते पुढे करता येईल.

आता नावाचे. अंजली वेदपाठक आणि अंजली भागवत एकच, हे महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही, कारण त्या अंजली भागवत आहेत. जिल्हा पातळीवर एकदा विक्रम करून सासरी गेलेल्या मुलीचे काय? प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे, आधार कार्ड सासरचे. खेळाडूंच्या राखीव जागेसाठी अर्ज केला की कारकून दोन्ही कागद शेजारी ठेवून मान हलवतो. विक्रम ज्या नावाने झाला ते नाव कायम ठेवून पुढचे नाव त्याला जोडण्याची सोय यादीत पहिल्या दिवसापासून हवी. घटस्फोटितांनाही तीच.

अपंग खेळाडूंचे विक्रम त्याच पुस्तकात असावेत, हे वेगळे सांगायला नको. अवनी लेखरा यांनी टोकियोत आणि पुन्हा २०२४ साली पॅरिसला सुवर्ण मिळवले आहे. आणि वयस्कांचा रकाना विसरू नका. उत्तर प्रदेशातल्या जोहडी गावच्या चंद्रो तोमर साठी उलटल्यावर पिस्तूल शिकल्या आणि त्यांनी स्पर्धा गाजवल्या. त्या २०२१ साली गेल्या. त्यांच्यावर सिनेमा निघाला, तो लोकांनी पाहिला. त्यांचे गुण किती, हे किती जणांना सांगता येईल?

यादी करणारे संघटनेच्या दप्तरात जे आहे तेच लिहिणार. दप्तरात नसलेले आपल्या घरात आहे. ट्रंकेच्या तळाशी, साडीच्या घडीत ठेवलेले एनसीसीचे प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचे पिवळे कात्रण, भोके पडलेला टार्गेटचा कागद. मैत्रिणींनो, तुमच्या किंवा तुमच्या आईच्या सामानात असे काही असेल तर टाकू नका. झेरॉक्स काढा, मागे तारीख, ठिकाण, किती गोळ्या आणि तेव्हाचे नाव लिहा, आणि आपल्या जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेकडे द्या. पोच मागून घ्या.

माझ्याकडे कागद नाही. भाचीने तरीही वहीत एक ओळ लिहून घेतली: आत्या, पाच गोळ्या, प्रोन. गटाचा रकाना तिने रिकामा सोडला आहे.