दुसऱ्या घराचा मोह आणि मध्यमवर्गाची पुंजी

साडेतीन मुहूर्तांपैकी कोणताही मुहूर्त जवळ आला की मराठी वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर बातमी शोधावी लागते. तेथे उत्तुंग इमारती, जलतरण तलाव आणि हसरी कुटुंबे विराजमान झालेली असतात. पूर्वी या जाहिराती ‘हक्काचे घर’ विकत असत. अलीकडे त्या ‘गुंतवणूक’ विकू लागल्या आहेत. ज्याला राहायला घर आहे, त्या घराचे हप्ते नुकतेच फिटले आहेत आणि भविष्यनिर्वाह निधीत चार पैसे साचले आहेत, अशा पन्नाशीच्या गृहस्थाला दुसरी सदनिका घ्यायला लावणे हा एक सुसंघटित उद्योगच होऊन बसला आहे. त्याचे घोषवाक्य एकच : जागेत घातलेला पैसा कधी बुडत नाही.

हे वाक्य खोटे आहे. ते खपते, कारण त्याला प्रत्येक घरात एक साक्षीदार सापडतो. कोणा काकांनी १९८५ च्या सुमारास कोथरूडला दोन लाखांत घेतलेली जागा आज सव्वा कोटीची झालेली असते आणि ही कथा लग्नकार्यात दर वेळी नव्याने सांगितली जाते. कथा खरी असेल. तिचे गणित मात्र कोणी मांडत नाही. चाळीस वर्षांत दोन लाखांचे सव्वा कोट होणे म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सुमारे पावणेअकरा टक्के. ज्या काळात हे घडत होते, त्यातील १९८६ ते जानेवारी २००० या वर्षांत पोस्टातल्या सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीवर बारा टक्के करमुक्त व्याज मिळत होते, याचे स्मरण त्या मांडवात कोणालाच होत नाही. काकांचा खरा लाभ निराळाच होता. ते त्या घरात राहिले, त्यांचे भाडे वाचले, मुलांच्या शाळा बदलल्या नाहीत. ते घर त्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेच नव्हते!

आता आजचा हिशेब पाहावा. उदाहरणादाखल पुण्याच्या उपनगरातली, बांधकाम चालू असलेली ऐंशी लाखांची सदनिका धरू. मुद्रांक शुल्क व त्यावरील अधिभार मिळून सात टक्के, म्हणजे पाच लाख साठ हजार. नोंदणी शुल्क तीस हजार. वस्तू व सेवा कर पाच टक्के, म्हणजे चार लाख. घराची किल्ली हाती येण्यापूर्वीच किंमत नव्वद लाखांच्या घरात पोहोचते. चौसष्ट लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता साडेपंचावन्न हजार. आणि भाडे? बावीस हजार मिळाले तरी पुष्कळ. त्यातून सोसायटीचा देखभाल खर्च, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत आकारले जाणारे बिनभोगवटा शुल्क, महापालिकेचा मिळकतकर आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा केला, तर वर्षाकाठी हाती उरतात एक लाख नव्वद हजारांच्या आसपास. नव्वद लाखांवर हे दोन टक्के झाले. बँकेला साडेआठ टक्के द्यायचे आणि भाडेकरूकडून दोन टक्के घ्यायचे, या व्यवहाराला गुंतवणूक म्हणण्याचे धारिष्ट्य विक्रेत्याने दाखवावे हे समजू शकते. हिशेबात पक्क्या समजल्या जाणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने ते मान्य करावे, हे आश्चर्य आहे.

यावर उत्तर ठरलेले असते : भाव वाढेल. कदाचित वाढेलही. पण २०१४ नंतरची पाच-सहा वर्षे पुण्या-मुंबईच्या अनेक भागांत भाव जवळजवळ गोठले होते आणि त्या काळात पुनर्विक्रीला काढलेल्या सदनिकांना ग्राहक मिळत नव्हते, हे विसरता येत नाही. केवळ भाववाढीच्या आशेवर, तीही कर्ज काढून, केलेल्या खरेदीला मराठीत सट्टा असा जुना व नेमका शब्द आहे. ‘आयकरात सूट मिळते’ हा दुसरा युक्तिवाद. तोही शिळा झाला. भाड्याने दिलेल्या घराच्या व्याजाचा तोटा इतर उत्पन्नातून वजा करण्यावर २०१७ च्या अर्थसंकल्पाने वर्षाला दोन लाखांची मर्यादा घातली आणि नव्या करप्रणालीत तर तो पगारातून वजाच करता येत नाही. विक्रीच्या कोष्टकात मात्र जुनाच आकडा मिरवत असतो.

याहून गंभीर प्रश्न आहे तो अपुऱ्या बांधकामाचा. स्थावर संपदा नियमन कायदा २०१६ चा; तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यानुसार नोंदणीपूर्वी जाहिरात वा आरक्षण करता येत नाही, नोंदणीकृत कराराविना किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. कायदा चांगला आहे. तरीही ‘प्री-लाँचचा भाव’ नावाचा प्रकार राजरोस चालतो. नोंदणी क्रमांक नसलेल्या, क्वचित जमीनही ताब्यात नसलेल्या प्रकल्पासाठी सुशिक्षित माणसे धनादेश फाडून देतात आणि ‘चौरस फुटामागे पाचशे रुपये वाचवले’ म्हणून घरी पेढे नेतात. नोएडात आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत बेचाळीस हजारांहून अधिक कुटुंबे अशीच अडकली. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या समूहाची नोंदणी रद्द केली आणि अपूर्ण इमारती एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवल्या. तोपर्यंत कित्येक जण हप्ता आणि घरभाडे दोन्ही भरत होते.

ती उत्तरेची गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर डोंबिवली किती दूर आहे? कल्याण-डोंबिवलीतल्या पासष्ट इमारतींना महापालिकेच्या बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराचे क्रमांक मिळाल्याचे २०२२ मध्ये उघड झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. ज्यांनी तो क्रमांक पाहून विश्वासाने पैसे भरले, बँकांकडून कर्जे काढली, त्यांचा अपराध कोणता? शिक्का मारणाऱ्याने शिक्क्याची खातरजमा करायची नाही आणि दंड भोगायचा तो शाळामास्तराने नि कारकुनाने, हा न्याय कोणत्या नीतिशास्त्रात बसतो, हे शासनाने सांगायला हवे.

म्हणजे घरात पैसा गुंतवूच नये काय? ज्याचे राहते घर कर्जमुक्त आहे, मुलांचे शिक्षण आणि आजारपण यांसाठी निराळी तरतूद आहे, आणि जो निम्म्याहून अधिक रक्कम स्वतःची घालू शकतो, त्याने अवश्य विचार करावा. पण त्याने आरंभ नकाशावरच्या इमारतीपासून करू नये. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली, चार कुटुंबे राहत असलेली, पुनर्विक्रीची लहान सदनिका पाहावी. तिच्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही आणि भाडे पहिल्या महिन्यापासून सुरू होते. विकासकाच्या वकिलाचा नव्हे, तर स्वतः नेमलेल्या वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा; सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः वाचावी; बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र महापालिकेत जाऊन पडताळावे. भाडेकरार नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. शंभर-पाचशेच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून निश्चिंत होणाऱ्या घरमालकांना हे बहुधा ठाऊक नसते.

शिवाय या व्यवहाराला एक सामाजिक बाजूही आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत एक कोटी अकरा लाख घरे रिकामी आढळली होती. भाव वाढण्याची वाट पाहत कुलूपबंद ठेवलेल्या सदनिकेत कोणाचा संसार थाटला जात नाही. तिच्यामुळे शेजारच्या सदनिकेचा भाव मात्र चढा राहतो, आणि नव्याने लग्न झालेले जोडपे शहरापासून आणखी दोन स्थानके दूर ढकलले जाते. ते जोडपे पुष्कळदा त्या कुलूपवाल्यांच्याच नात्यातले असते.

राहता राहिला जमिनीचा प्रश्न. घरविक्रीच्या गोडगोड भाषणात त्याचा उच्चारही होत नाही. १९६३ च्या सदनिका कायद्याने आणि नियमांनी सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत जमिनीचे अभिहस्तांतरण करून देण्याचे बंधन विकासकावर घातले. ते पाळले गेले नाही, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. तरीही मुंबई-पुण्यातल्या असंख्य सोसायट्यांच्या इमारती आजही दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर उभ्या आहेत. भिंती जुन्या होत जातात. किंमत टिकते आणि वाढते ती जमिनीची. दुसरी सदनिका घ्यायला निघालेल्यांपैकी कितींनी आपल्या पहिल्या घराच्या सोसायटीची ही कागदपत्रे पाहिली आहेत? सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला की गणपूर्ती होत नाही, आणि त्याच रविवारी नमुना सदनिका पाहायला जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळत नाही.