चलानाचा हिशेब लागतो, चोरीचा का लागत नाही?

सोलापुरात घरफोडीची बातमी आली की चहाच्या टपरीवर एक वाक्य ठरलेले असते : "यांना चोर सापडत नाही, बिनहेल्मेटवाला तेवढा बरोबर सापडतो." पाठोपाठ म्हण येते, चोर सोडून संन्याशाला फाशी. मग उपाय सुचवला जातो : सात रस्ता, आसरा चौक, जुना पुणे नाका इथले पोलीस उचला आणि चोरांच्या मागे लावा. यातला संताप खरा आहे, उपाय मात्र चुकीचा. आणि तो चुकीचा असल्यामुळेच पोलीस खात्याला सोयीचा आहे, कारण त्याला उत्तर देणे फार सोपे जाते.

ते उत्तर आधी ऐकून घेऊ. २०२२ साली देशात २८,५२२ खून झाले. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे खुनांच्या जवळजवळ सहापट. त्यांतल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सोलापूरला हे परके नाही. पुणे-हैदराबाद आणि तुळजापूर-विजयपूर हे महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, रात्री रस्त्यावर असतात. चोरीला गेलेले गंठण निदान परत मिळण्याची आशा असते. ट्रकच्या चाकाखाली गेलेला पोरगा परत येत नाही. तेव्हा वाहतुकीचे नियमन हे फालतू काम नव्हे आणि बिनहेल्मेटवाला हा काही संन्यासी नव्हे.

वसुलीचा आक्षेपही नीट तपासावा. ई-चलानाचा दंड सरकारी तिजोरीत जातो, हवालदाराच्या खिशात नाही. पावतीशिवाय जे घेतले जाते ती लाच. तिच्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे. चौक ओस पाडणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे. शिवाय चौकातला शिपाई उचलून ठाण्यात बसवला म्हणून तो दुसऱ्या दिवशी तपासी अंमलदार होत नाही.

पण एवढ्यावर खात्याने हुश्श करू नये. "मनुष्यबळ नाही" हे त्यांचे पालुपद अर्धेच खरे आहे. पोलीस ठाण्यात गुन्हे प्रकटीकरण पथक असते, बोलण्यात ज्याला 'डीबी' म्हणतात. गड्ड्याची यात्रा आली, जयंती आली, गणपती आले, मंत्र्यांचा दौरा आला की हीच माणसे बंदोबस्ताला जुंपली जातात. तपासाची फाईल तोवर कपाटात. चोराला मात्र बंदोबस्ताची ड्यूटी लागत नाही!

खरी गोम आहे मोजणीत. चौकात हवालदार मशीनवर गाडीचा नंबर टाकतो, फोटो काढतो. मिनिटात चलान तयार, दिवसाच्या आकड्यात एकाची भर. ठाण्यात नेमके उलटे. एसटीत चढताना मोबाइल मारला गेलेला माणूस तक्रार घेऊन येतो. त्याला विचारले जाते, "चोरताना बघितलं का तुम्ही? नाही ना? मग गहाळ झाला म्हणून लिहा." हे कुठल्या एका ठाण्याचे नाही, राज्यभरचा रिवाज आहे. 'चोरी' लिहिले तर गुन्हा दाखल करावा लागतो, अंमलदार नेमावा लागतो, आणि शेवटी 'अ समरी' पाठवावी लागते : गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. 'गहाळ' लिहिले की सगळे मोकळे. चलाने वाढली तर शाबासकी, गुन्हे वाढले तर बैठकीत बोलणी. मग कोणता शहाणा नोकरदार गुन्हा लिहून घेईल?

दखलपात्र गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच बजावले आहे. त्यात १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्याने पाच हजारांखालच्या साध्या चोरीला अदखलपात्र करून टाकले. विडी वळणाऱ्या बाईचा चार हजारांचा फोन हीच तिची मोठी मालमत्ता. तिच्यासाठी तपासाचे दार आता आणखी जड झाले.

तपास करा म्हणताना काय करू नका, हेही सोलापुरात सांगावे लागते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात ठेवणारी सेटलमेंट याच शहरात होती. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, वस्तीचे नाव राहिले. चोरी झाली की विमुक्तांच्या वस्तीतून चार पोरे उचलणे म्हणजे तपास नव्हे. तपास म्हणजे बोटांचे ठसे, कॅमेऱ्याचे चित्रण, सराफापर्यंत काढलेला माग, चोरीच्या मोबाइलची सीईआयआर पोर्टलवर नोंद आणि पाठपुरावा.

म्हणून मागणी चौक रिकामे करण्याची नको, माप बदलण्याची हवी. एक, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये हेच सांगितले : सुरुवात दहा लाखांवरच्या शहरांत, पुढे लहान शहरांतही. २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८ होते. एवढ्या फरकाचे निमित्त आता कोणी पुढे करू नये. दोन, सिग्नल मोडणारे कॅमेऱ्यावर सोपवा. माणसे भरधाव ट्रक आणि बिनदिव्याच्या ट्रॉल्यांसाठी ठेवा. तीन, दरमहा ठाणेनिहाय आकडे जाहीर करा : चलाने किती, चोऱ्या किती नोंदल्या, किती उघड झाल्या, मुद्देमाल किती परत केला आणि 'गहाळ'च्या नोंदी किती.

माप बदलले की काम बदलते, याचा दाखला जिल्ह्यातच आहे. २०२१ मध्ये तत्कालीन ग्रामीण पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी 'ऑपरेशन परिवर्तन' हाती घेतले. हातभट्टीवर नुसत्या धाडी टाकून गुन्ह्यांचा आकडा फुगवण्याऐवजी मुळेगाव तांड्यासारख्या वस्त्या अधिकाऱ्यांनी दत्तक घेतल्या आणि तिथल्या माणसांना दुसऱ्या धंद्याकडे वळवण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी वेगळी पोलीस भरती झाली नव्हती.

वाचकांनीही टपरीवरचे वाक्य सोडून ठाण्यात हक्काची भाषा बोलावी. चोरीला चोरीच लिहायला लावा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद नाकारली तर वरिष्ठांना लेखी पाठवा. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नाही कळवले तर जाऊन विचारा. आणि विचारायला जाताना हेल्मेट घालून जा.