कैद आम्हाला, परवानगी त्यांना

मतदार यादीत नाव घालायच्या नमुना 6 वर सहीपाशी धमकी छापलेली असते. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायदा 1950, कलम 31 : एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. सिरसाळ्याच्या गायरानावरल्या आमच्या पारधी बायाबाप्यांना ही ओळ वाचून दाखवली की कागद तसाच परत जातो. जाणारच. इंग्रजांनी 1871 पासून कायदे करून जातीच्या जाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ते कायदे 1952 ला गेले, पोलिसाची नजर गेली न्हाई.

आता दुसरी बाजू बघा. दिवाळी झाली की उचल फेडायला आम्ही कोयता घेऊन कारखान्याला जातो, ते उन्हाळ्यापर्यंत फडात. यादीची दुरुस्ती बहुतेक वेळा त्याच महिन्यांत. कोपीत कोणी न्हाई म्हणून ‘स्थलांतरित’ लिहिलं, की नाव कटलं! अन् कलम 20 काय सांगतं? तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास तुटत नाही. शिवाय नोटीस देऊन म्हणणं ऐकल्याशिवाय नाव काढता येत नाही. फडात नोटीस कोणी आणून दिली?

कारण नसताना कामात कसूर करणाऱ्या नोंदणी अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे बरं का. कलम 32 : कमीत कमी तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, वर दंड. आमच्यापेक्षा दुप्पट! पण तिथंच पाचर मारून ठेवलीय. निवडणूक आयोगाच्या किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या हुकमानं तक्रार झाल्याशिवाय कोर्ट ती दखलच घेत नाही. ज्याचं नाव कटलं त्याच्या तक्रारीला किंमत शून्य. नुकसानभरपाईचा दावाही लावता येत नाही. ही परवानगीची अट काढा, ही आमची मागणी आहे. गायरानावर आम्ही राहतो याचा पुरावा मागताना हीच यादी मागतात, म्हणून नाव कटणं म्हणजे निव्वळ एक मत जाणं न्हाई.

आणि भिऊ नका. कलम 31 जाणूनबुजून खोटं लिहिणाऱ्याला आहे, चुकून वय दोन वर्षं इकडंतिकडं झालेल्याला न्हाई. या गुन्ह्यात वॉरंटाशिवाय पोलीस उचलू शकत नाहीत, जामीनही होतो. उलट नमुना 7 भरून कोणी ‘हे इथं राहतच नाहीत’ असं खोटं लिहून देत असेल, तर हेच कलम त्यालाही लागतं.

औंदा उचल घेण्याआधी यादी बघा. नाव नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच फडात बरोबर न्या.