नोंद आधी, दूध नंतर

कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या तबेल्यांत उभी असलेली म्हैस बहुतेक वेळा इथली नसते. ती हरियाणातून येते. मुऱ्हा जातीची, काळीभोर, आत घट्ट वळलेल्या शिंगांची. दूध आटेपर्यंत ती इथे राहते, आटले की व्यापारी तिला नेतात आणि पुष्कळदा तिचा शेवट देवनारला होतो. तिच्या दुधाचा चहा अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीचा कामगार पितो, उल्हासनगरच्या मिठाईवाल्याच्या कढईत त्याच दुधाचा खवा आटतो. त्या म्हशीची आई कोण आणि बाप कोण, हे तबेलेवाल्यालाही नेमके ठाऊक नसते. व्यापाऱ्याने सांगितले तेवढेच त्याला माहीत. आजवर त्याने फारसे अडले नाही. यापुढे अडू शकते, कारण ज्या हरियाणातून ही म्हैस येते त्याच हरियाणात २००९ पासून म्हशींचे क्लोन जन्माला घातले जात आहेत.

कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत ६ फेब्रुवारी २००९ रोजी ‘समरूपा’ हे रेडकू जन्मले. काही दिवसांतच ते दगावले. त्याच वर्षी जूनमध्ये ‘गरिमा’ जन्मली, ती दोन वर्षे जगली. २२ ऑगस्ट २०१० ला जन्मलेली ‘गरिमा-२’ मात्र तगली, वयात आली आणि २५ जानेवारी २०१३ रोजी तिने नेहमीच्या पद्धतीने गाभण राहून ‘महिमा’ला जन्म दिला. डिसेंबर २०१५ मध्ये हिसारच्या केंद्रीय म्हैस संशोधन संस्थेत ‘हिसार गौरव’ हा क्लोन रेडा आला. पुढे याच संस्थेने एम-२९ या एकाच उत्तम रेड्याचे सात क्लोन तयार केले. मार्च २०२३ मध्ये कर्नालला ‘गंगा’ ही गीर जातीची क्लोन कालवड जन्मली. आपल्या शास्त्रज्ञांचे हे यश मोठे आहे. परदेशात लाखो रुपयांची यंत्रे लागणारे काम कर्नालच्या मंडळींनी हाताने, साध्या साधनांनी करून दाखवले. म्हशीच्या कातडीतून घेतलेली एक पेशी, केंद्रक काढून टाकलेले एक बीजांड, दोहोंना जोडणारा विजेचा सौम्य झटका, प्रयोगशाळेत आठवडाभर वाढवलेला गर्भ आणि मग दुसऱ्याच म्हशीचे गर्भाशय, अशी ही वाट आहे. गर्भ रुजण्याचे प्रमाण त्यात फार कमी असते आणि जन्मलेल्या पिलांतली कितीतरी लवकर मरतात, हेही सांगितले पाहिजे.

या जनावरांचे दूध किंवा मांस खाणे सुरक्षित आहे का? या प्रश्नावर जगात पुरेसे काम झाले आहे आणि त्याचे उत्तर लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १५ जानेवारी २००८ रोजी जाहीर केले की गाय, डुक्कर आणि शेळी यांच्या क्लोनचे दूध-मांस नेहमीच्या दूध-मांसाइतकेच सुरक्षित आहे. त्याच वर्षी युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणालाही अन्न म्हणून त्यात धोका दिसला नाही. क्लोन जनावरांच्या स्वतःच्या आरोग्याबद्दल आणि हालांबद्दल मात्र त्यांनी चिंता नोंदवली. क्लोनच्या पोटी नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या पिढीबद्दल तर शास्त्रज्ञ अधिकच निर्धास्त आहेत. तेव्हा उद्या कोणी ‘क्लोनच्या दुधाने कॅन्सर होतो’ असा संदेश मोबाइलवर फिरवला, तर त्याला आधार नाही हे आम्ही आजच सांगून ठेवतो.

पण वाद इथे संपत नाही. युरोपीय संसदेने ८ सप्टेंबर २०१५ रोजी ५२९ विरुद्ध १२० मतांनी शेतीच्या जनावरांच्या क्लोनिंगवर आणि क्लोनच्या उत्पादनांवर बंदीची मागणी उचलून धरली. त्या ५२९ जणांना आपल्याच प्राधिकरणाचा अहवाल माहीत होता. तरीही त्यांनी तसे मत दिले, कारण लोकांचे प्रश्न वेगळे होते. जनावराचे हाल किती होतात? एकाच रेड्याचा वंश सगळीकडे पसरला तर बाकीच्या वंशांचे काय? मला हे नको असेल तर मला ते कळेल का? प्रयोगशाळेने दूध तपासून यातला एकही प्रश्न सुटत नाही.

कळण्याचा प्रश्न किती अवघड असतो, ते स्कॉटलंडमध्ये दिसले. अमेरिकेतल्या एका क्लोन गाईचे गर्भ ब्रिटनमध्ये आणले गेले होते, त्यांपासून वळू जन्मले. २०१० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या अन्न मानक यंत्रणेला जाहीर करावे लागले की त्यांतल्या वळूंचे मांस बाजारात गेले आणि लोकांनी ते खाल्लेही. त्याने कोणी आजारी पडले नाही. पण जिथे जनावराच्या कानापासून खाटकाच्या दुकानापर्यंत कागद चालतो, तिथेही सरकारला ही बातमी मांस पोटात गेल्यावर लागली. आपल्याकडे म्हसा यात्रेच्या बाजारात जनावर दात पाहून, चाल पाहून आणि रुमालाखाली बोटांनी भाव ठरवून विकले जाते. तिथे वंशाचा कागद कुठून येणार?

आणि क्लोन आपल्या ताटात येईल तो थेट क्लोन म्हणून येणार नाही. तो रेताच्या रूपाने येईल. उत्तम रेड्याचा क्लोन करण्याचा हेतूच तो आहे: एका रेड्यापासून हजारो रेतमात्रा मिळतात, त्या गोठवून गावोगाव जातात आणि कृत्रिम रेतनाने म्हशी गाभण राहतात. पुढच्या पिढीची म्हैस दिसायला इतर मुऱ्हा म्हशींसारखीच असेल, दूध तसेच असेल, ते दहा तबेल्यांच्या दुधात मिसळेल आणि पिशवीत भरले जाईल. त्यानंतर शोध घेणे कोणालाच शक्य नाही. म्हणूनच या विषयाला ‘अजून वेळ आहे’ हे उत्तर चालणार नाही. नोंद ठेवायची तर ती क्लोन मोजके असतानाच ठेवता येते.

महाराष्ट्राला यातला एक धडा आधीच मिळालेला आहे, तोही दोन बाजूंनी. जालन्याच्या महिको कंपनीच्या जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मान्यता दिली. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी ती तशीच अमलात आणली नाही. त्यांनी देशात सात ठिकाणी जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली. शेतकरी आले, शास्त्रज्ञ आले, कंपनीची माणसे आली, आरडाओरडही झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी वांग्याला स्थगिती मिळाली, ती आजही कायम आहे. बांगलादेशाने पुढे तेच वांगे स्वीकारले. ती स्थगिती शास्त्रीय दृष्टीने योग्य होती का, यावर आजही मतभेद आहेत आणि ते राहतील. पण निर्णयाआधी लोकांना विचारले गेले, हे कोणी नाकारू शकत नाही.

दुसरी बाजू सरकीची. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली ती कापूस म्हणून. पण कापसाला सरकी असते, सरकीचे तेल निघते आणि ते तेल माणसे खातात. उरलेली पेंड जनावरे खातात. विदर्भ-मराठवाड्यातला जवळजवळ सगळा कापूस बीटी झाला, तेव्हा ते तेल फरसाणाच्या कढईत आणि ती पेंड म्हशीच्या घमेल्यात आपोआप पोहोचली. यासाठी कुठेही सुनावणी झाली नाही. डब्यावर काही लिहून आले नाही. अपाय झाल्याचा पुरावा नाही, हे खरे. पण ज्या समाजाने वांग्यावर इतका कडाक्याचा वाद घातला, त्याच समाजाने त्याच तंत्राचे तेल वर्षानुवर्षे न कळत खाल्ले. क्लोनच्या रेतासाठी सरकार कोणती वाट धरणार, वांग्याची की सरकीची, हे आम्हाला आज विचारायचे आहे.

कायदा पाहिला तर चिंता वाढते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २२ मध्ये जनुकीय बदल केलेले अन्न आहे, किरणोपचारित अन्न आहे, सेंद्रिय अन्न आहे, नवअन्नही आहे. क्लोनचा शब्द नाही. आणि ज्यांनी याचा अर्थ लावायचा त्या भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची तयारी किती, ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. दुधावरचे ‘ए-१’, ‘ए-२’ हे दावे काढून टाका, असा आदेश प्राधिकरणाने २१ ऑगस्टला काढला आणि २६ ऑगस्टला मागे घेतला. पाच दिवसांत दोन तोंडे. गाईच्या दुधातल्या एका प्रथिनावर ज्यांना ठाम राहता आले नाही, ते क्लोनच्या प्रश्नावर ऐनवेळी काय करतील?

लेबलाला विरोध करणारे म्हणतात, दूध सुरक्षित असेल तर वेगळी खूण कशाला. लोक उगाच घाबरतील, संशोधन मरेल, शेतकऱ्याचे नुकसान होईल. या म्हणण्यात प्रामाणिक काळजी आहे. क्लोनिंगने एखाद्या नामशेष होत चाललेल्या जातीला आधार मिळू शकतो, गरीब शेतकऱ्याच्या दारी चांगली म्हैस येऊ शकते, हे आम्हाला मान्य आहे. तरीही हा युक्तिवाद भारतात टिकत नाही. आपल्या शाकाहारी बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावर हिरवा ठिपका असतो. तो विषबाधेपासून वाचवण्यासाठी नाही. खाणाऱ्याला आपले व्रत, आपला धर्म, आपली रुची पाळता यावी म्हणून आहे. उल्हासनगरच्या किराणा दुकानात आजीबाई चष्मा वर करून तो ठिपका शोधतात. परदेशी दुधासाठीही भारत सरकार प्रमाणपत्र मागते, की त्या गाईंना मांस, रक्त वा हाडांपासून केलेला खुराक दिलेला नाही. अमेरिकेशी व्यापाराच्या बोलण्यांत हा मुद्दा अडून बसला आणि आपण तो सोडला नाही. म्हणजे अन्नाबाबत सुरक्षिततेपलीकडेही माणसाचा अधिकार असतो, हे तत्त्व आपल्या सरकारला मान्य आहे. परक्या गाईला लावलेला नियम आपल्या म्हशीला का नको?

कल्याण-बदलापूरच्या या भागातल्या माणसाला ‘सगळे मर्यादेत आहे’ या वाक्याचा अनुभव फार जवळून आहे. वालधुनी काकोळ्याच्या डोंगरातून स्वच्छ निघते, अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून जाते आणि उल्हासनगरात पोहोचेपर्यंत तिला नदी म्हणवत नाही. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे तिच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि झोपेतून उठलेली शेकडो माणसे श्वास कोंडून रुग्णालयात गेली. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढलेला पालक आणि लाल माठ लोकलच्या खिडकीतून आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो कोणत्या बाजारात जातो, हे विचारून उत्तर मिळत नाही. अशा माणसाने क्लोनच्या दुधाबद्दल शंका घेतली तर त्याला अडाणी म्हणू नये. कर्नालच्या शास्त्रज्ञावर त्याचा राग नाही. त्याचा विश्वास उडाला आहे तो तपासणाऱ्यावरचा.

म्हणून तपासणीची गोष्ट क्लोनच्या आधी यायला हवी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुने तपासले गेले. भेसळीने असुरक्षित ठरलेले नमुने फक्त १२ निघाले. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त होते आणि ७७ नमुन्यांत प्रतिजैविके. अफ्लाटॉक्सिन येते बुरशी लागलेल्या खुराकातून: ओल लागलेली पेंड, कोंदट गोदामातली मका. दीर्घकाळ पोटात गेले तर ते यकृताचा कर्करोग घडवू शकते. पारडू गेल्यावर पान्हा फुटावा म्हणून म्हशीला टोचल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या तक्रारी तर तबेल्यांच्या वस्तीत जुन्याच आहेत. हे धोके आज, याच दुधात आहेत. पावसाळ्यात इथल्या तबेल्यांतली पेंड कोण तपासते? ठाणे जिल्ह्याच्या या टोकाला, लाखोंच्या वस्तीत, दुधातले विष मोजणारी सरकारी प्रयोगशाळा का नसावी? क्लोनच्या भीतीत हा प्रश्न झाकला जाऊ नये, आणि या प्रश्नाचे निमित्त करून क्लोनचा प्रश्न पुढे ढकलला जाऊ नये. दोन्हींचे मूळ एकच: दूध कुठून आले, याचा माग.

माग ठेवणे अशक्य नाही. प्रत्येक गाई-म्हशीच्या कानाला बारा अंकी क्रमांकाचा पिवळा टॅग लावायचा नियम आहे, आणि २०२४ च्या जूनपासून महाराष्ट्रात टॅगशिवाय जनावराच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे. त्या क्रमांकामागे बापाची नोंद हवी. रेतमात्रा क्लोन रेड्याची असेल तर तसे तिच्यावर छापलेले हवे, कृत्रिम रेतन करणाऱ्याने ते शेतकऱ्याला सांगायला हवे आणि संगणकात चढवायला हवे. एवढे झाले तर उद्या लेबल लावायचे की नाही, हा निर्णय तरी आपल्या हातात राहील. त्यासाठी केंद्राने कायद्यात क्लोन आणि त्याची संतती यांचा स्पष्ट उल्लेख करावा. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाने बाहेरून येणाऱ्या रेताची वंशनोंद जाहीर करावी. आणि राज्य सरकारने याच भागात, तबेलेवाले, दूधविक्रेते, ग्राहक आणि कर्नाल-हिसारचे शास्त्रज्ञ एका मंडपात बसवून, मराठी, हिंदी आणि सिंधीत जनसुनावणी घ्यावी. इथल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात तिची तारीख मागून घ्यावी, आणि ती तारीख क्लोन रेड्याची पहिली रेतमात्रा ठाणे जिल्ह्यात उतरण्याच्या आधीची असावी.